दिलेला घोडा

बुद्धिबळात नेहमी हरणाऱ्या माणसाभोवती लोक का जमतात, आणि जिंकणाऱ्याकडे कुणी का पाहत नाही, या प्रश्नाचे उत्तर मी बरीच वर्षे शोधत आहे. जिंकणारा मी होतो, हे आधीच सांगितलेले बरे.

हरणारे गृहस्थ म्हणजे नरपडचे चिकूचे व्यापारी. सगळे त्यांना शेठ म्हणत. तळासरीच्या शाळेतून मी परतलो की त्यांच्या वखारीत, उलट्या क्रेटवर, आमचा पट मांडला जाई. ‘घ्या ना, मास्तर,’ म्हणत ते पिकलेला चिकू पुढे करीत. थोड्या वेळाने, त्याच स्वरात, घोडा पुढे करीत.

त्यांची सुरुवात ठरलेली होती. वाचकांनी ती नीट ध्यानात घ्यावी. पांढरी मोहरी शेठची. दोघांची राजापुढची प्यादी दोन-दोन घरे पुढे येत. मग शेठ राजाच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे सरकवून मला ते फुकट मारू देत. त्यांचा राजाकडचा घोडा बाहेर येई, माझे राजाकडच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे जाई. ते राजाकडचा उंट तिरका तीन घरे बाहेर काढत. माझे तेच प्यादे आणखी एक घर पुढे जाऊन त्यांच्या घोड्यावर उठे. इथे कोणीही घोडा हलवील. शेठ घोडा तिथेच ठेवून किल्लेकोट करीत, राजाला हत्तीच्या आड नेत.

चिकूची प्रतवारी करणाऱ्या बायांचे हात थांबत. मासे विकून परतणारी जानकीताई टोपली उतरवून उभी राही.

‘शेठ, दिला काय घोडा?’

‘दिला!’

‘आता बघा मास्तरांची गंमत!’

पुढे मी शांतपणे घोडा पचवून डाव जिंके. तरी जाताना जानकीताई म्हणे, ‘काय रंगला हो शेठचा डाव!’ डाव दोघांचा असतो, हे मी वर्गात शिकवू शकलो असतो, वखारीत नाही.

जुन्या नामवंतांनी हीच सुरुवात खेळली आहे, हे पुस्तक उघडून मीच त्यांना दाखवले.

‘तेही माझ्यासारखे हरायचे?’

‘पुष्कळदा जिंकायचे.’

‘मग राहू द्या.’

एकदा मी मोबाइलवर सगळे तपासून नेले. ‘शेठ, हा म्हणतो, घोडा देणे चूक आहे.’

‘एने शुं खबर, मास्तर? त्याला काय ठाऊक? त्याने कधी कुणाला काही दिलंय?’

बाया हसल्या. मला राग आला, आणि दुसऱ्या दिवशी मी पांढरी मोहरी मागून घेतली. तीच प्यादी, तोच उंट, तोच किल्लेकोट. घोडा मरायला ठेवून मी मागे वळून पाहिले.

‘अहो मास्तर,’ जानकीताई कळवळून म्हणाली, ‘तुमचा घोडा मरतोय, बघा तरी!’ बाया पुन्हा चिकूंकडे वळल्या.

शेठनी पटावरून नजर फिरवली. मग त्यांनी हात वर केला. ‘थांबा गं. मास्तर विसरले नाहीत. त्यांनी घोडा दिलाय.’

हात थांबले. टोपली उतरली. मी तो डाव हरलो, आणि शेवटपर्यंत कुणी हलले नाही. पण मत्सर काही गेला नाही, उलट वाढला. ती माणसेसुद्धा मला शेठनीच दिली होती.

यंदाच्या हंगामाआधी शेठ गेले. वखार चालू आहे. मी क्रेटवर पट मांडतो, दोन्ही बाजू स्वतःच खेळतो. प्रतवारी थांबत नाही.

मोबाइलचे उत्तर अजून तेच आहे. माझे मात्र ठरत नाही. म्हणून विनंती एवढीच: वर दिलेल्या चाली पटावर मांडा, शेजारी कुणाला तरी उभे करा, घोडा जागेवरच राहू द्या, आणि तो देणे चूक आहे का, हे स्वतः तपासून पाहा.