गालिच्याखालचा अंगठा

मुलीने कोणती गाडी मनात धरली आहे हे कळले, तेव्हा मास्तर खिडकीशी बसून नखे कापत होते. कात्री अंगठ्यावरच थांबली. त्या कंपनीच्या गाड्या त्यांनी घासल्या होत्या, रंगवल्या होत्या, उन्हात चमकवून मालकांच्या हवाली केल्या होत्या. पण आपल्या घरातले कुणी तसल्या गाडीत, तेही चाक हातात धरून बसेल, हा विचार त्यांच्या डोक्यात कधी शिरला नव्हता. बायको ओल्या हातांनीच बाहेर आली, मुलीच्या फोनवरचे छायाचित्र तिने लांबून पाहिले आणि विचारले, “ही गाडी आहे की जमिनीला चिकटलेली पाल?”

मुलगी भूलतज्ज्ञ होती. एकमेकांपासून नव्वद किलोमीटरवर असलेल्या दोन रुग्णालयांत तिचे काम चाले, आणि आठवड्याचे पाच दिवस ती महामार्गावर असे. दिवसभर मी लोकांना झोपवते, तेव्हा येताजाताना तरी मला जाग यावी, असे तिचे म्हणणे होते. तिला ताकदीचे इंजिन हवे होते, वळणावर रस्ता न सोडणारी गाडी हवी होती, आणि ते मागण्याइतके कष्ट तिने केले होते, याबद्दल घरात कुणाचे दुमत नव्हते.

वाद होता तो नवी की वापरलेली, एवढाच. ठरवलेल्या रकमेत नवी कोरी गाडी येत होती, पण ती त्या घराण्यातली सर्वांत धाकटी. चेहरा तोच, छाती मात्र नाही. तेवढ्यातच चार वर्षे वापरलेली थोरली गाडी मिळत होती, सहा सिलिंडरची, चामडी आसनांची. बायकोचे मत नव्या गाडीच्या बाजूचे होते. चार वर्षांत त्या गाडीत बसून कुणी कुणाला काय काय बोलले असेल, ते सगळे त्या गाद्यांत मुरलेले असणार, असे ती म्हणाली. मास्तरांनी मात्र वापरलेली घ्यावी असा धोशा लावला. त्यामागे त्यांचे एक कारण होते, ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. नव्या गाडीत बापाचे काहीच काम नव्हते. वापरलेल्या गाडीवर बापाला हात फिरवता आला असता.

हा हात म्हणजेच मास्तरांची सारी मिळकत. शाळेशी त्यांचा संबंध सातवीपुरताच. मास्तर हे नाव त्यांना गॅरेजने दिले. अपघातात चेपलेल्या गाड्या सरळ करणाऱ्या त्या मोठ्या गॅरेजच्या रंगखात्यात त्यांनी चौतीस वर्षे काढली होती आणि दोनच वर्षांपूर्वी ते घरी बसले होते. डोळे मिटून ते पत्र्यावरून बोटांची मागची बाजू फिरवीत आणि तो पत्रा कारखान्यातून आला तसाच आहे की मध्ये कुणी त्याला पुट्टी भरून रंग दिला आहे, हे सांगत. “कोरी” किंवा “हात लागलेली”, एवढे दोनच शब्द. वापरलेली गाडी घेण्याआधी ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले त्यांना घेऊन जात, आणि त्यांनी कोरी म्हटले की पुढे कुणी ब्र काढत नसे. रंगाची जाडी मोजणारे यंत्र निघाले तेव्हा मास्तर म्हणाले होते, ज्यांना बोटे नाहीत त्यांच्यासाठी ते ठीक आहे.

वापरलेल्या गाड्यांचा व्यापारी त्यांना ओळखत होता. दालनाच्या दारापर्यंत तो सामोरा आला, यंत्र टेबलाच्या खणातच राहू दिले, आणि मास्तर आले म्हणजे आज यंत्राला सुट्टी, असे हसत म्हणाला. गाडी मधोमध उभी होती. गर्द निळी, सावलीत काळी वाटणारी आणि उजेड पडला की आतून उमलणारी. त्या कंपनीच्या निम्म्या गाड्या त्याच रंगात निघतात, त्यामुळे मास्तरांना त्यात विशेष काही वाटले नाही. त्यांनी हात धुतले, कोरडे केले, डोळे मिटले.

अर्धा तास ते गाडीभोवती फिरत होते. दरवाजे झाले, छप्पर झाले, मागच्या काचेशेजारचे खांब झाले. मुलगी बाजूला उभी होती. लहानपणी ती याच चालीकडे पाहत गॅरेजमधल्या अर्धवट रंगवलेल्या गाडीत झोपी जात असे. मास्तरांचा हात एकदाही अडखळला नाही. असा नितळ पत्रा फार दिवसांनी हाताला लागला, असे त्यांना मनोमन वाटले. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “कोरी.”

व्यापाऱ्याने कागद पुढे केले. मुलीने पेन उघडले, आणि उघडता उघडता तिला आठवले की असल्या गाड्यांत स्टेपनी देत नाहीत म्हणे. महामार्गावर चाक पंक्चर झाले तर काय, असे विचारीत ती डिकीकडे गेली. स्टेपनी आहे असे व्यापारी सांगत होता, तोवर तिने खालचा गालिचा उचललासुद्धा. चाक होते. चाकामागच्या कोपऱ्यात, जिथे मुद्दाम वाकल्याशिवाय कुणाचे लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी, निळ्या रंगात उमटलेला एक अंगठा होता.

“कुणीतरी ओल्या रंगाला हात लावलेला दिसतो,” मुलगी सहज म्हणाली.

मास्तर वाकले. अंगठ्याच्या रेषा स्पष्ट होत्या आणि त्यांना तिरकी छेदून जाणारी एक गुळगुळीत पट्टी होती. ऐन तारुण्यात पत्र्याच्या धारेने त्यांचा उजवा अंगठा कापला होता, ती ही पट्टी. डिकीची कड धरून ते उभे राहिले आणि आपला अंगठा त्यांनी मुठीत लपवला, जणू तो कुणी ओळखील.

ही रीत त्यांना त्यांच्या वस्तादाने लावून दिली होती. चित्र काढणारा कोपऱ्यात सही करतो. आपण सही केली तर मालक कामावरून काढील. म्हणून ज्या कामाचा आपल्याला मनापासून अभिमान वाटेल, त्या गाडीत कुणी पाहणार नाही अशा जागी ओल्या रंगावर अंगठा ठेवायचा. चौतीस वर्षांत मास्तरांनी असे अकरा अंगठे ठेवले होते. त्या त्या दिवशी बायको त्यांचा रंगलेला अंगठा पाहून काही न विचारता गोडाचे करीत असे.

आता त्यांना ती गाडी आठवली. रंगखात्यात गाडी येते तेव्हा तिला नंबर नसतो, दिवे नसतात, आरसे नसतात. ती कुणाची, कुठली, हे रंगाऱ्याला कळत नाही आणि त्याने विचारायचेही नसते. पण वेल्डर त्यांचा जुना सोबती होता. त्याने जेवणाच्या सुट्टीत सांगितले होते की हिचा मागचा भाग ट्रकखाली गेला होता. म्हणून दुसरी एक गाडी आणून तिचा मागचा अर्धा भाग कापून हिला जोडला आहे. त्या दुसरीचा पुढचा भाग उरलाच नव्हता, आणि त्यात बसलेलेही. जोड कसा आहे, असे मास्तरांनी विचारले होते. बाजारहाटाला ठीक आहे, जोरात पळवू नये म्हणजे झाले, असे वेल्डर म्हणाला होता. मास्तरांनी डबा बंद केला होता आणि पुढचे अकरा दिवस त्या जोडावर निळ्याचे थर चढवले होते. दोन गाड्यांच्या दोन निळ्यांत केसाइतका फरक होता. तोही त्यांनी मिटवला होता. मग अंगठा.

बोटांना का कळले नाही, हेही त्यांना तिथेच उभ्या उभ्या कळले, आणि तो धक्का पहिल्याहून मोठा होता. आयुष्यभर त्यांच्या हाताने दुसऱ्यांच्या चुका ओळखल्या होत्या. स्वतःच्या कामावरून फिरताना त्याला खुपण्यासारखे काही लागतच नव्हते. ज्याला तो कोरे समजत होता, त्यात त्याचे स्वतःचेही काम मोडत होते.

त्यांनी पाणी मागितले आणि खुर्चीवर बसले. मुलीने डॉक्टरच्या सवयीने त्यांची नाडी धरली. गाडी मनाला येत नाही, एवढे सांगून उठता आले असते. मुलगी वाचली असती आणि चौतीस वर्षांचे नावही. तेवढ्यात व्यापाऱ्याने, घाई नाही, पण पाच वाजता एक जोडपे दोन मुलांना घेऊन हीच गाडी पाहायला येणार आहे, असे सौम्यपणे सुचवले.

“ही घ्यायची नाही,” मास्तर म्हणाले.

“आत्ताच तर तुम्ही कोरी म्हणालात, बाबा.”

“चुकलो.”

हा शब्द मुलीने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. व्यापारी हसला, मास्तरांची थट्टा आहे असे त्याला वाटले. मग त्याने खणातून यंत्र काढले, त्यांचीच खात्री पटावी म्हणून. पुढच्या दरवाजावर आकडा जेवढा हवा तेवढाच आला. मागच्या खांबावर तो त्याच्या सहापट आला. व्यापाऱ्याने यंत्र झटकले, पुसले, पुन्हा लावले. दुसऱ्या बाजूच्या खांबावर लावले. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. सर्व्हिसची सगळी कागदपत्रे स्वच्छ होती, कारण कागद पुढच्या अर्ध्या भागाचे होते. तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजात रागापेक्षा नवल अधिक होते.

“कुणाचं काम असेल हो हे? हात सोन्याचा म्हणायला हवा.”

मास्तर उठले, डिकीपाशी गेले आणि आपला उजवा अंगठा त्यांनी त्या ठशावर ठेवला. तो तंतोतंत बसला.

“माझं,” ते म्हणाले.

मुलीने अंगठ्याकडे पाहिले, मग बापाकडे. तिच्या हातातले पेन अजून उघडेच होते. याच गाडीत बसून आपण उद्यापासून महामार्गावर असणार होतो, हे तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेले, आणि ते उमटताना पाहणे मास्तरांना सोसवेना.

व्यापारी आधी सावरला. तो वाईट माणूस नव्हता. तोही फसूनच बसला होता. त्याने दालनाचे दार लोटले आणि समजुतीच्या स्वरात सांगितले की हे आपल्या तिघांतच राहावे, गाडी ज्याने दिली त्याला तो परत पाठवील, तुमच्या नावालाही बोल लागणार नाही, पाचच्या लोकांना काय सांगायचे ते पाहता येईल.

पाहता येईल. डबा बंद करताना मास्तरांच्या मनात हेच शब्द होते.

त्यांनी टेबलावरची गाडीची किल्ली उचलली. तिच्या आत दडवलेले पोलादी पाते बाहेर काढले, आणि मागच्या खांबावर, जिथे त्यांनी सर्वांत जास्त दिवस घालवले होते तिथे, ते वरपासून खालपर्यंत ओढले. निळ्याखालून पांढरी पुट्टी निघाली. पुन्हा ओढले; पुट्टीचा ढलपा फरशीवर पडला आणि वेल्डिंगची ओबडधोबड, तपकिरी रेघ उघडी पडली. मग दुसरा खांब. गॅरेजमध्ये ओरखडा पाहून ज्याला जेवण जात नसे, त्या माणसाचा हात एकदाही थांबला नाही. व्यापारी दोन पावले पुढे आला आणि ती रेघ पाहून तिथेच थांबला.

“आता पाच वाजता कुणाला काही सांगायला नको,” मास्तर म्हणाले आणि किल्ली जागेवर ठेवली.

परतताना मुलगी आपली जुनी छोटी गाडी नेहमीपेक्षा हळू चालवत होती. दोन सिग्नल गेल्यावर तिने विचारले, “अशा किती, बाबा?”

अंगठे अकरा, मास्तर म्हणाले. त्यांतल्या नऊ गाड्यांना केवळ पोचे होते. जोडलेल्या दोन.

“दुसरी कुठे आहे?”

ते त्यांना ठाऊक नव्हते. लाल होती, त्याच कंपनीची, एवढेच.

दुसऱ्या दिवशी दोघे गॅरेजवर गेली. तिथे आता फर्निचरचे दुकान होते आणि जुना मालक कुठे गेला हे कुणाला सांगता येईना. वेल्डर वर्षापूर्वीच वारला होता. मुलीने गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहिले, मग दुसरे लिहिले. तिने नवी गाडी घेतली, धाकटी, छाती नसलेली. ती दारात आली तेव्हा बायकोने मास्तरांना हात फिरवायला सांगितले. मास्तरांचे हात पाठीमागे होते, ते त्यांनी तिथेच राहू दिले. हल्ली कुणी वापरलेली गाडी दाखवायला बोलावले, तर आधी यंत्र लावून या, असे ते सांगतात, आणि ऐकणारा चाट पडतो.

बाजारात मात्र त्यांच्याबरोबर जाणे अवघड झाले आहे. त्या घडणीची लाल गाडी उभी दिसली की ते चालता चालता थांबतात. मालक येईपर्यंत उभे राहतात, मग अर्धा तास असो की दोन तास. मालक आला की नम्रपणे डिकी उघडायची विनंती करतात. लोक बिचकतात, एकदोघांनी तर पोलिसांना बोलावण्याची भाषा केली. सुरुवातीला बायको शरमेने चार पावले लांब उभी राहत असे. परवा भाजीच्या दोन्ही पिशव्या तिने खाली ठेवल्या, गाडीत बसायला निघालेल्या त्या तरुण मालकाच्या वाटेत उभी राहिली आणि म्हणाली, “दादा, दोनच मिनिटं लागतील. मागचा गालिचा उचलून दाखवा.”