किडे पडतील

आमच्या गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्याचं नाव मला अजून ठाऊक नाही. सगळे त्याला मामा म्हणतात. मालकांवर तो मराठीत खेकसतो आणि गुरांशी कानडीत बोलतो. "सुम्निरू तायी," म्हणजे गप राहा गं आई, एवढं म्हटलं की मारकी म्हैससुद्धा मान खाली घालते.

परवा आमची कपिला नेली. ज्वारीत शिरली म्हणून चुलतभावानं तिला विळा फेकून मारला होता. जखम बारकी म्हणून मी लक्ष दिलं नाही आणि तिच्यात किडे पडले. मामानं टर्पेंटाईनचा बोळा आत सारला, मग चिमट्यानं एकेक पांढरी अळी काढू लागला. कपिला थरथरत होती. मला राहवलं नाही.

"त्याच्या हाताला किडे पडतील, किडे!"

मामाचा चिमटा थांबला.

"दुसरी कुठलीबी शिवी द्या की. लई हायत, पायजे तर मी शिकवतो. पर ही नको. तुमी नुस्तं म्हणताय, मी रोज बघतोय."

मग कपिलाच्या मानेवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "सुम्निरू तायी." ती शांत झाली की नाही कोण जाणे, मी मात्र गप झालो.

परतताना चुलतभाऊ बांधावर उभा दिसला. त्याच्याशी बोलणं बंदच आहे. पण माझी नजर आधी त्याच्या हाताकडे गेली. हात धड होता. मला हायसं वाटलं.