माझ्या अंगावर शिकलेले हात

"तू झोप. तुला कसली आलीय लाज?"

मॅडम सगळ्या वर्गासमोर बोलल्या. शिरूरच्या नर्सिंग कॉलेजातली प्रॅक्टिकलची खोली. आजारी माणसाचं अंग कसं पुसायचं ते एकमेकींवर शिकायचं, अशी आमच्याकडची रीत. एकीनं पेशंट व्हायचं, बाकीच्यांनी हात चालवायचे. पेशंट दरवेळी मीच. तळेगाव ढमढेऱ्याच्या बौद्धवाड्यातली त्या वर्गात मी एकटीच होते. कारण कुणी बोलून दाखवलं नाही. आडनाव हजेरीला रोज ऐकू येतच होतं.

मी पडले. पडदा ओढायला कुणी उठलं नाही. मॅडम सांगत होत्या, पेशंटची लाज राखा, त्याला माणूस समजा. मुली लिहून घेत होत्या. मी उघड्या खांद्यानं छताकडं बघत होते.

वैष्णवीनं माझं अंग पुसलं. वढूकडच्या बागायतदाराची लेक. हात हलका, कुठं अडखळत नव्हता. मॅडम म्हणाल्या, हिच्या हातात माया आहे. माझा जळफळाट झाला. तिच्या सोन्याच्या बाळ्यांचा मला कधी हेवा वाटला नाही. त्या हाताचा वाटला. माझ्या अंगावर गिरवून गिरवून तो तयार झाला होता. माझे हात कोरेच. आणि परीक्षेला जिवंत माणसावर करून दाखवायचं होतं. नापास झाले की शिक्षण बंद, आईबरोबर लोकांच्या रानात भाजी तोडायची.

मी उठून बसले. खांदा झाकला. पाण्याचं भांडं जवळ ओढलं.

"मॅडम, आता माझी पाळी. हिला झोपवा."

वैष्णवी हळूच म्हणाली, "मला न्हाई जमायचं. घरी कळलं तर आई वरडंल."

"काय कळलं तर?"

ती खाटेपासून दोन पावलं मागं सरकली. मॅडम मला समजावायला लागल्या. परीक्षेचं बघून घेऊ, झोप गुमान, तास वाया चाललाय.

"जाऊ द्या वाया. मी न्हाई झोपायची."

नाही झोपले. माझ्या जागी दुसरंही कुणी झोपलं नाही. तास मोडला. मग घरी, शिक्रापूरच्या कंपनीतून शिफ्ट करून आलेल्या बापाला खाटेवर पाडून मी हात बसवला. पास झाले.

आता दौंडला मी हेच शिकवते. वैष्णवी पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आहे. तिच्या हाताचं कौतुक कानावर येतं आणि माझ्या पोटात दुखतं. अजून दुखतं. तिनं माझ्याकडून घेतलेलं कुणी मला परत दिलेलं नाही.

माझ्या वर्गात प्रत्येकीला प्रत्येकीच्या हाताखाली झोपावं लागतं. परवा एक पोरगी अशीच मागं सरकली. समोरच्या मुलीचं आडनाव तिला ठाऊक होतं. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, हिचा हात तुला चालत नसेल, तर उद्या आजारी पडून आलेल्या हिच्या आईलाही तुझा हात लागता कामा नये. वॉर्डात पाय ठेवायचा नाही.

तिच्या घरून फोन यायला लागलेत. उद्या संस्थेतले बोलावतील. बोलावू देत. ती झोपल्याशिवाय मी तिला पास करणार नाही.