चोवीस घरांचं अंगण

उज्जैनमध्ये कोणत्या महिन्यात किती वाजता सावली कुठे पडेल हे दोघांनाच ठाऊक आहे. एक सूर्यनारायण आणि दुसरे माझ्या बायकोचे मामा. दोघांत कधी मतभेद झालाच, तर मामा सूर्याचं गणित तपासून देतील, पण स्वतःचं बदलणार नाहीत. सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांनी जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलेल्या भिंती काढल्या आणि निवृत्त झाल्यावर, त्या सगळ्या भिंतींचं प्रायश्चित्त घ्यायला आल्यासारखे, ते फ्रीगंजमधल्या आमच्या सोसायटीत राहायला आले. मामी आधीच गेल्या होत्या. सामान म्हणजे दोन ट्रंका, एक ड्रॉइंग बोर्ड आणि एक थर्मामीटर. लोक खिशाला पेन लावतात, मामा थर्मामीटर लावत.

आमची सोसायटी म्हणजे चार इमारती, चोवीस घरं आणि त्यांच्या मधोमध सिमेंटचा एक चौक. हा चौक उन्हाळ्यात तव्यासारखा तापायचा आणि पावसाळ्यात त्याचं तळं व्हायचं. आम्हाला त्याची सवय झाली होती. मामांना होईना. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते खडू घेऊन खाली उतरले आणि दर तासाला इमारतींच्या सावलीच्या कडा फरशीवर आखू लागले. आठवड्याभरात चौक एखाद्या भयंकर कुंडलीसारखा दिसू लागला. एका भाभींनी तर घाबरून लिंबू-मिरची आणून बांधली. मामांनी तिचंही तापमान घेतलं. ते कशाचंही तापमान घेत. फरशीचं, स्कूटरच्या सीटचं, पाण्याच्या टाकीचं, आणि एकदा, "जावईबापू, जरा हलू नका," असं म्हणून उन्हातून आलेल्या माझ्या टकलाचंही. तो आकडा त्यांनी वहीत टिपून घेतला. काय होता ते मला आजतागायत सांगितलेलं नाही.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. मधलं सिमेंट फोडायचं. तिथे परातीसारखी खोलगट बाग करायची, म्हणजे चारही गच्च्यांवरचं पाणी तिच्यात येऊन जमिनीत मुरेल आणि एप्रिलमध्येच दम तोडणारी आमची बोअरिंग थोडी तग धरेल. पश्चिमेला कडुनिंब, म्हणजे दुपारनंतरचं ऊन अडेल. भिंतींवर वेली. मध्ये बसायला कट्टे. हे सगळं त्यांनी कागदावर उत्तम काढलं, पण ज्याला दाखवायला घ्यावं त्याच्यासमोर गरम वाऱ्याची लू सुटायची आणि कागद उडून जायचा. तिसरा नकाशा टावर चौकाच्या दिशेने निघून गेल्यावर मामा चिडून भैरवगढ़ला गेले आणि ठशांचं काम करणाऱ्या एका कारागिराकडून अख्खा नकाशा चादरीवर छापून घेऊन आले. झाडाला गोल ठसा, वेलीला पानाचा, पाण्याला नागमोडी रेघ, आणि कडेने हौसेने कैऱ्यांची किनार.

मीटिंगमध्ये ती चादर पसरताच सगळे खुर्च्या ओढून जवळ आले. मामांना वाटलं, जिंकलो. मग तिसऱ्या मजल्यावरच्या भाभी पुढे वाकून कापड चिमटीत धरत म्हणाल्या, "मामाजी, ये डबल बेड की है ना? रंग तो नहीं जाएगा?"

"अहो, हा नकाशा आहे!" मामा किंचाळले.

"हाँ हाँ, नकाशा ही सही. मेरे लिए भी दो मँगवा दीजिए."

त्या संध्याकाळी पाच चादरींच्या ऑर्डरी आल्या आणि बागेला एकही मत मिळालं नाही.

खरी अडचण होती ती सेक्रेटरींची. रेल्वेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ तळमजल्यावर राहायचे आणि त्यांची मोटार चौकात बरोबर त्याच जागी पत्र्याखाली उभी असे, जिथे मामांना कडुनिंब हवा होता. मोटार बाहेरच्या बाजूला, कुंपणाशी लावायची कल्पनाच त्यांना सहन होईना. "झाड क्या है, आज लगाओ, दस साल बाद छाँव देगा. मेरा पत्रा आज दे रहा है," असं त्यांचं म्हणणं. आणि खोटंही नव्हतं ते.

मामांनी पुढची मीटिंग मे महिन्यात, भर दुपारी दोन वाजता, चौकातच बोलावली. सगळे छत्र्या आणि ओले पंचे घेऊन जमले. मामांनी घसा साफ केला. "ज्यांना सिमेंट ठेवायचंय, त्यांनी चप्पल काढून मतदान करावं. बाकीच्यांनी सावलीत उभं राहावं. पाच मिनिटं."

"ये मीटिंग है कि मन्नत?" असं म्हणत सेक्रेटरी ताठ मानेने चपला काढून पुढे आले. त्यांच्यामागे आणखी सात जण. पहिल्या मिनिटाला चौघांचं मतपरिवर्तन झालं. दुसऱ्याला तिघांचं. सेक्रेटरी एकटेच उरले. आधी ते उजव्या पायावर, मग डाव्या पायावर, मग मला वाटतं काही क्षण कोणत्याच पायावर नव्हते. शेवटी मामांनीच न राहवून त्यांच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. "बस करा साहेब, फोड येतील." दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींची मोटार कुंपणाशी उभी होती.

सिमेंट फुटलं आणि मामांचे हाल सुरू झाले. खड्डा, गिट्टी, वाळू, चिखल. जो तो जिन्यावरून उतरताना त्यांच्या नावाने बोटं मोडायचा. एक बेडूक सेक्रेटरींच्या स्वयंपाकघरात सापडला, तेव्हा मामा आनंदाने म्हणाले, "बघा, त्याला जागा पसंत पडली!" यावर सेक्रेटरींच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी मात्र पाऊस असा कोसळला की देवास गेटकडचे रस्ते बंद झाले. दरवर्षीच्या सवयीने सेक्रेटरींनी सोफा विटांवर चढवला. आम्ही सगळे आपापल्या गॅलरीत. चौकातली परात भरत चालली होती आणि मामा गुडघाभर पाण्यात, छत्री धरून, रंगाने खुणा केलेली काठी रोवून ओरडत होते, "अजून चार बोटं! घाबरू नका!" मग, "अजून दोन बोटं!" मग ते ओरडायचे थांबले. पाणी मुरतच नव्हतं. मी वरून त्यांचा चेहरा पाहिला. त्या घटकेला ते फार म्हातारे दिसत होते.

मी धावत खाली पोचलो, तर माझ्याआधी सेक्रेटरी पाण्यात उतरलेले. पायजमा वर खोचून, दोन्ही हात खांद्यापर्यंत बुडवून ते शोषखड्ड्याची जाळी चाचपत होते. "मामाजी, यहाँ कुछ अटका है!" दोघांनी मिळून ओढलं. एक भलीमोठी प्लास्टिकची पिशवी सुटून वर आली आणि मामा त्या झटक्यासरशी पाण्यात बसले. मग खालून असा काही गुडगुड आवाज आला, की चोवीस घरांनी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या. पाणी सेक्रेटरींच्या उंबऱ्याच्या वीतभर अलीकडे थांबलं आणि मागे सरकू लागलं. बसल्या जागी, छातीभर पाण्यात मामांनी काठीवरचा आकडा वाचला. सेक्रेटरींनी त्यांना उठवून घरात नेलं, त्यांच्या अंगात स्वतःचा कोरडा कुर्ता घातला आणि पोहे-जिलेबी खायला बसवलं. वहिनींनी बेडकाचा विषय पुन्हा काढला नाही.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि लेक मामांना पुण्याला घेऊन गेली. बाराव्या मजल्यावर. जाण्याच्या आठवड्यात त्यांनी हट्टाने एक कदंबाचं रोप लावलं. दर रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन येई आणि कदंबाची चौकशी होई. मेमध्ये तो कदंब उन्हाने जळाला. सांगायचं धाडस मला झालं नाही. सेक्रेटरींनी पावसात गुपचूप दुसरा आणून त्याच जागी लावला आणि मी त्याचा फोटो पाठवून दिला.

त्या रविवारी मामांचा फोन आला. म्हणाले, "जावईबापू, माझ्या कदंबाची खालची फांदी पूर्वेला होती. कधी गेला तो?"

"मेमध्ये," मी म्हणालो.

"हं. नवा कुणी लावला?"

"सेक्रेटरींनी."

"त्यांना सांगा, रोज पाणी घालू नका म्हणावं. दोन दिवसांआड पुरे." मग त्यांनी विचारलं, "आत्ता खाली कोण कोण बसलंय?"

मी खालच्या कट्ट्यावरूनच सांगू लागलो, पण ते म्हणाले, "नको, फोन चालूच राहू द्या, बाजूला ठेवा." मी फोन कट्ट्यावर ठेवला. भाभींचं हसणं, कुणाची तरी भाजी निवडत चाललेली बडबड, सेक्रेटरींचं खोकणं, पानांतला वारा. पुष्कळ वेळाने मी फोन कानाला लावला. मामा अजून ऐकत होते.