शमाभाभीनं तपासलेले मोबाईल

शमाभाभी आमच्या अंथुर्णे गावची आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची आशा सेविका, आणि माझी भिंतीला भिंत शेजारीण. तिच्या चहात साखर कमी अन् तोंडात मिरची जास्त, हे मी तोंडावर सांगतो. तिचा नवरा फिरोज मनातल्या मनात म्हणतो. घरोघर ताप विचारायचा, टाकीत डासांच्या अळ्या शोधायच्या, दारावर खडूनं तारीख टाकायची, हे तिचं काम.

गेल्या महिन्यात बारावीतल्या छकुलीनं आत्महत्या केली. घरातलं रडं थांबायच्या आत इंदापूरचा अविराज मोबाईलवरचं न्यूज चॅनल घेऊन दारात हजर. पोरीची खोली दाखवली, कसं केलं ते रंगवून सांगितलं, आणि कारणही ठरवून टाकलं: ‘प्रेमप्रकरण?’ एक प्रश्नचिन्ह टाकलं की हा सुटला! खाली कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात पळत होती. आणि आम्ही शहाण्यांनी काय केलं? हात जोडल्याचं चित्र लावून तो व्हिडिओ पुढं पाठवला. आम्हाला वाटलं, झाली श्रद्धांजली.

छकुलीच्या बाकावरची स्वरूपा, माझ्या चुलतभावाची पोरगी, तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत बसली. जेवण सुटलं. भाभीनं वरच्या साहेबांना कळवलं, तर उत्तर आलं की तक्त्यात असा रकाना नाही, डेंग्यूचे आकडे पाठवा.

दुसऱ्या दिवशी भाभी माझ्या दारात.

“तात्या, मोबाईल काढा.”

“टाकी बघ की. मोबाईलमधी डास हायत व्हय?”

“डासापेक्षा वंगाळ हाय. त्यो व्हिडिओ पुसा माझ्यासमोर.”

“मी हात जोडूनच पाठवला हुता गं.”

“भावकीच्या ग्रुपवर. तितनंच स्वरूपाला गेला.”

मी पुसला. भाभीनं दारावर तारीख टाकली आणि पुढच्या घरी गेली. सगळी आळी तिनं अशीच पिंजून काढली. मी अविराजला फोन लावला, तर म्हणतो, “लोकं बघत्यात म्हणून दाखवतो, तात्या.” व्हिडिओ त्यानं आजही काढलेला नाही. त्याला दिलेल्या शिव्या इथं छापण्यासारख्या नाहीत.

संध्याकाळी भाभीनं स्वरूपाला सरळ विचारलं, “तुझ्याबी मनात मरायचं येतं का, बाळा?”

“असलं अभद्र कशाला विचारता!” स्वरूपाची आई ओरडली.

स्वरूपानं मान हलवली. व्हय. मग जी रडली, ती थांबेना. भाभी हात धरून बसून राहिली.

सकाळी स्वरूपाला घेऊन इंदापूरला मनाच्या डॉक्टरकडं निघालो. गाडी माझी. मी तोंड उघडणार, तोच भाभी मागून म्हणाली, “तात्या, रस्ता बघा.”

आता दर गुरुवारी जातो. गाडीत मी गप्प असतो.