ताप उतरला त्या दिवशी

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, घरी टॉवेलच्या कडा शिवून शिकवलं. मी सोलापुरातच विषाणूंवर संशोधन करू लागले, तेव्हा काम काय असतं ते तिला समजून घ्यायचं होतं.

मी सांगितलं, डेंग्यूचा विषाणू पेशीत शिरला की त्याची प्रथिनं तिथल्या चरबीचा ताबा घेतात. त्या चरबीवरच त्याची वाढ होते, वेष्टणही त्यातूनच बनतं.

"म्हणजे घरात शिरून आपलंच तेल-तूप वापरतो की," अक्का म्हणाली.

आम्ही पेशींना फक्त विषाणूच्या बाहेरच्या आवरणाची प्रथिनं बनवायला लावायचो. त्यातून विषाणूसारखे दिसणारे, पण आतून रिकामे कण तयार होत. त्यांच्यामुळे आजार होत नाही, पण शरीर शत्रूला ओळखायला शिकतं. पुढेमागे लस होऊ शकते. कण मात्र फार थोडे मिळत. विषाणूचं आणखी एक प्रथिन दिलं, तर पेशीतली चरबी वाढून कणही वाढतील का, हे मी शोधत होते.

त्या पावसाळ्यात अक्कालाच डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. नेमके त्याच दिवशी कण गोळा करायचे होते. मी घुटमळले, तर ती म्हणाली, "उतरलाय की ताप. इतक्या दिवसांचं काम हाय तुझं, जा."

डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका असतो, हे मला पाठ होतं. तरी मी गेले.

दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. अक्काचं पोट दुखत होतं, हातपाय गार पडले होते. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी शर्थ केली, पण दोन दिवसांत ती गेली.

महिन्याभरानं त्या दिवशीचे नमुने तपासले. कण वाढले होते. मार्गदर्शक मॅडम आनंदानं काही बोलणार होत्या, पण माझ्याकडे बघून त्यांनी वही मिटली.

"मी घरी थांबले असते, तर वाचली असती का?" मी विचारलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही, हे बरं केलं.

प्रयोग मी पुन्हा केला. निष्कर्ष तोच आला, छापूनही आला. अजूनही गल्लीत कुणाला डेंग्यू झाला, की ताप उतरेल त्या दिवशी मी सुट्टी टाकते आणि त्यांच्या उशाशी जाऊन बसते. लोकांना ते जरा विचित्र वाटतं.