ब्लॉगवरची पंगत

संगणक सुरू करण्याआधी रंगनाथकाका टोपी घालतात. की-बोर्डवर फुंकर मारतात. एका बोटानं टाइप करतात. वाक्य झालं की चहाचा घोट. चहा संपला की लेख संपतो. ब्लॉगवर कुणाची प्रतिक्रिया आली, की स्वयंपाकघराकडं तोंड करून काकूंना सांगतात, "विजयमाला, पाव्हणा आलाय."

काका कारकून म्हणून निवृत्त झाले. पण बोरीत, त्यांच्या गावी, त्यांची ओळख वेगळी. चाळीस वर्षं गावच्या लग्नांत पंगत त्यांनीच बसवली. आता परभणीत राहतात आणि त्या पंगतींवर ब्लॉग लिहितात. मी शेजारची, मराठीत एम.ए. केलेली, म्हणून शुद्धलेखन माझ्याकडं. त्यातूनच आमची मैत्री झाली.

यंदा काका उदास दिसायला लागले. सुग्रीवराव येईनात. सुग्रीवराव बोरीचे आचारी, काकांचे लहानपणापासूनचे मित्र. दर गुरुवारी परभणीला आले की चहा काकांकडंच. आता चार महिने झाले, फोनसुद्धा उचलत नव्हते.

"काय बिनसलं?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? लय मोठा झालाय तो."

शुद्धलेखनासाठी मी ब्लॉग उघडला, सहज लेखांखाली नजर गेली आणि बघतच राहिले. सगळीकडं परदेशी मंडळी. रॉबर्टला वरणावरचा लेख अत्यंत उपयुक्त वाटला होता आणि तो केस उगवायचं तेल विकत होता. दुसरा कुणी जुगाराला बोलावत होता. काकांनी सगळ्यांना मंजुरी दिली होती. शिवाय प्रत्येकाला उत्तर: "धन्यवाद. गाव कोणतं? आपण कुणापैकी?"

"काका, हे स्पॅम आहे. माणसं नाहीत, मशीन पाठवतं. काढून टाकू."

"जेवायला बसलेल्याला उठवू का मी?"

"तो जुगार खेळायला बोलावतोय."

"बोलवू दे. जायचं का न्हाई ते आपण ठरवू."

मग मला मंजुरीसाठी थांबलेल्या प्रतिक्रिया दिसल्या. सव्वीस. सगळ्या बोरीच्या.

"या का अडवल्यात?"

"अडवल्या कुठं, अर्पिता? घरची मान्सं हायेत, वाचायची घाई न्हाई. पाव्हण्यांचं झालं की बसतील."

पाव्हण्यांचं कधी होणार होतं? रोज नवे तीस येत होते.

त्या सव्विसांत तीन सुग्रीवरावांच्या होत्या. पहिली चार महिन्यांपूर्वीची. "रंगनाथ, तू लिहिलंस तसं शिवशंकरच्या लग्नात वरण कमी पडलं न्हाई. दोन पातेली भरून होती. तूच वाढपी पाठवले न्हाईस. हे छाप." दुसऱ्या दिवशीची: "छापलं न्हाईस." आठवड्यानंतरची: "तेलवाल्याचं छापलंस."

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. काकांनी टोपी काढली.

"वरणाचं खरं आहे का?"

"वाढपी धाडायचं मीच इसरलो होतो," ते हळू म्हणाले.

"मग छापा. एक बटण तर दाबायचंय."

काका उत्तर टाइप करायला लागले. मधेच बोट थांबलं.

"रुसलेल्या मान्साला बटण दाबून बसवतेत का गं? हात धरून आणावं लागतंय."

टोपी घातली आणि बोरीची बस धरायला निघाले.

मी खुर्चीत बसले. सुग्रीवराव अजून मंजुरीसाठीच थांबलेले. बटण मी दाबलं नाही. कपात चहा अर्धा होता. उत्तराच्या चौकटीत काकांचं वाक्य तसंच पडलं होतं: "सुग्रीव, तुझंच खरं. वाढपी मी"